आमचं माफ घर

आमच्या वाडीत 'माफ' हा शब्द वर्षातून एकदाच आणि फार प्रेमाने उच्चारला जातो. शिमग्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक बसते, तेव्हा. पालखी, ढोल, मांडव, प्रसाद या सगळ्याची वर्गणी त्या दुपारी ठरते. नियम जुना आणि सरळ आहे. एका घराची एक वर्गणी, आणि ती त्या घरातल्या कमावत्या पुरुषाच्या नावाने. आमच्या गावकीचे म्होरके, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणते, ते एकेक नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट खणखणीत आवाजात पुकारतात. पुकारलेल्याने "हाजर" म्हणायचं. जे मुंबईला असतात त्यांच्या वतीने मुंबई मंडळाचा माणूस "हाजर" म्हणतो. ज्या घरात कमावता कोणी नाही त्याचं नाव आबा पुकारत नाहीत. त्या घराच्या दिशेला हात करतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "ह्ये घर माफ."

माफ घरं म्हणजे दोन-तीन एकट्या म्हाताऱ्यांची, एक अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं, आणि आमचं. मी तेव्हा चाळिशीतला धडधाकट गडी. पहिल्यांदा आबांनी आमच्या घराकडे हात केला तेव्हा मला वाटलं, मागच्या घराबद्दल बोलतायत. मग शेजारी बसलेल्याने माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कोणी टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. भांडायला मला फार मोठं कारण लागत नाही, हे वाडीला ठाऊक आहे. पण माफ करणाऱ्याशी भांडायचं कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी प्रसाद घेतला आणि मागच्या वाटेने घरी आलो.

त्याच्या आधी मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. पाळीच्या अवेळी तिथून एसटी नसायची, त्यामुळे रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून वसाहतीजवळच्या बिरवाडीत तिघांत मिळून एक खोली भाड्याने घेतली होती आणि सुट्टीला घरी यायचो. रंगाच्या कंपनीतला माणूस लपत नाही. ज्या महिन्यात जो रंग चालू असेल तो आमच्या नखांत, कानांमागे, टाचांच्या भेगांत जाऊन बसायचा. साबण, रॉकेल, चिंच, काही लावलं तरी निघायचा नाही. पोलादपूरच्या स्टँडवर कंडक्टर माझी नखं बघून तिकीट फाडता फाडता म्हणायचा, "ह्या महिन्यात पिवळा काय?" बायको उशीचे अभ्रे धुताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आमची मुलगी लहान होती तेव्हा तिने चित्रात बाप काढला तो जांभळ्या हातांचा, आणि बाईंनी विचारलं तर म्हणाली, खरेच तसे आहेत.

तेव्हा मला त्या रंगाचा वैताग होता. लग्नाकार्यात मी हात खिशात घालून उभा राहायचो. आज मात्र ती नखं डोळ्यांपुढे आली की मला गलबलून येतं. पाळी सुरू होताना सुपरवायझर दारात उभा राहून आडनावाने हाका मारायचा. हाक आली की हेल्मेट डोक्यावर ठेवत आत शिरायचं. त्या हाकेत प्रेम वगैरे काही नव्हतं, उलट खेकसणंच जास्त. पण आपण नाही गेलो तर आत काहीतरी अडेल, हे त्या खेकसण्यात असायचं. मला जर कोणी विचारलं की कंपनीतलं काय आठवतं, तर मी तेच सांगेन.

कंपनी एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग कँटीन गेलं. मग एका सकाळी गेटवर कागद लागला, 'काम तात्पुरते बंद आहे'. बाकीच्यांनी तो कागद वाचला आणि दुसरीकडे चिकटले. कोणी गुजरातेत गेलं, कोणी मुंबईला मेहुण्याच्या दुकानात. मी तो शब्द धरून बसलो. तात्पुरते. मी बिरवाडीची खोली सोडून घरी आलो आणि जो कोणी विचारेल त्याला सांगू लागलो, "आमची कंपनी तात्पुरती बंद हाय. बोलावतील." पहिल्या वर्षी लोक "बोलावतीलच की" म्हणायचे. नंतर नुसते "हं" म्हणायला लागले. वर्षांमागून वर्षं गेली. मी भात लावला, काजू राखले, कोणाचा पत्रा टाकून दिला, कोणाचं कुंपण घातलं, पण यातलं काहीही मी काम म्हणून मोजलं नाही. माझं काम महाडला होतं आणि ते तात्पुरतं बंद होतं.

घर चालत होतं ते बायकोच्या मानधनावर. ती वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना गोळा करते, खिचडी शिजवते, नाकं पुसते. तिला सरकार जे देतं त्याला पगार म्हणायचं नाही असा सरकारचा दंडक आहे, ते मानधन. तिच्या त्या मानधनातून मुलीची फी गेली, माझ्या आईचं औषधपाणी गेलं, मुलीचं लग्नही बरंचसं त्यातच झालं. हे मी आता लिहितोय तितकं सरळ तेव्हा मला दिसत नव्हतं. तेव्हा माझं लक्ष फोनकडे असायचं.

पोलादपूरला पंचायत समितीत तिची मीटिंग असायची. एकदा तिथून ती आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"अवो, महाडला मोटारी भरायचं शिकवतायत. जळलेल्या मोटारी, पंप, त्यात तार भरायची. ज्यांना बरीच वरसं काम नाय त्यांच्यासाठीच हाय. आणि शिकणाऱ्याला पैशे देतायत."

"शिकणाऱ्याला कशाला पैशे?"

"यावं म्हणून. दर महिन्याला विद्यावेतन, आणि शेवटपर्यंत टिकला तर वर प्रोत्साहन." तो शब्द तिने नीट, जोडाक्षरांसकट उच्चारला. मीटिंगमध्ये त्यांना बोर्डावर लिहून दाखवला असावा. "लोक शिकायला पैशे भरतात. तुमाला शिकायला पैशे मिळतायत. सासरी गेल्यासारखा मान हाय, जा की."

मी हसलो, पण गेलो नाही. कारण अर्जासोबत एक घोषणापत्र होतं. त्यात आपल्या हाताने लिहून द्यायचं होतं की, मी दीर्घकाळ बेरोजगार आहे. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी बेरोजगार नाय. माजी कंपनी तात्पुरती बंद हाय."

बायको भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"बरं. मग एकदा गेटावर जाऊन इचारून या, तात्पुरतं कदी संपतंय त्ये."

तिला वाटलं मी गप्प बसेन. पण मी हट्टी माणूस. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने महाडला उतरलो, तिथून बिरवाडीच्या रिक्षाने वसाहतीत गेलो. इतक्या वर्षांत मी त्या गेटपर्यंत कधी गेलो नव्हतो. महाडला आलो तरी बाजारातूनच परत फिरायचो. गेट तिथेच होतं. साखळी होती, कुलूप होतं. वॉचमनच्या टपरीत कुत्री व्यायली होती. 'तात्पुरते बंद'चा कागद कुठेच नव्हता. त्या जागी भिंतीवर कुठल्यातरी क्लासची जाहिरात रंगवलेली होती. मी नाक वर करून हुंगलं. आमच्या कंपनीचा एक वास होता, आंबूस आणि झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा. बिरवाडीची माणसं त्याच्या नावाने बोटं मोडायची. तो वास आला असता तर मी तिथेच मांडी घालून बसलो असतो. आला नाही.

शेजारच्या कंपनीची पाळी सुटत होती. माणसं डबे हलवत, गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबत बाहेर पडत होती. एकमेकांना शिव्या देत होती, चहाला चल म्हणत होती. त्यांच्यातला एकही मला ओळखत नव्हता. मला इतकं त्यांच्यात जाऊन चालावंसं वाटलं की मी खरोखरच थोडं अंतर त्यांच्या मागोमाग चाललो. मग ते चहाच्या टपरीकडे वळले आणि मी महाडला परत येऊन सरळ प्रशिक्षण केंद्रात जाऊन बसलो. घोषणापत्रावर सही करताना पेन चालत नव्हतं. टेबलामागच्या मुलीने स्वतःचं दिलं. 'दीर्घकाळ' हा शब्द मी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिला.

केंद्र म्हणजे एका जुन्या गोडाऊनमधला हॉल. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरतं, आणि पाणी ओसरलं की पिठाच्या गिरण्या, पंप, फ्रीज सगळ्यांच्या मोटारी काढून बाहेर मांडल्या जातात. त्यामुळे शिकायला जळक्या मोटारींचा तोटा नव्हता. काम असं: जळलेली तार छिन्नीने तोडून काढायची, मोटारीच्या पोटातल्या खाचा खरवडून स्वच्छ करायच्या, त्यांत जाड कागद बसवायचा, मग नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालून ते खाचांत भरायचे, दोऱ्याने आवळायचे आणि शेवटी व्हार्निश सोडायचं. वेढे मोजताना मन जाग्यावर लागतं. माझं मन मधूनच कंपनीच्या जिन्यावर जाऊन बसायचं आणि मोजणी चुकायची. शिकवणारे सर माझ्यापेक्षा बरेच लहान. ते मला काका म्हणायचे आणि चूक झाली की म्हणायचे, "काका, परत सोडा सगळं." मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत सोडायचो.

माझ्या शेजारी तुडील गावचा एक गृहस्थ बसायचा, माझ्याच वयाचा. हा त्याचा तिसरा कोर्स होता. आधी त्याने नळजोडणी शिकली होती, त्याआधी आणखी काहीतरी, आणि दोन्हींचं विद्यावेतन शेवटपर्यंत घेतलं होतं. मला त्याचा राग यायचा. एकदा डबा खाताना मी त्याला म्हटलं, "तुमी शिकायला येता का पैशासाठी?"

तो अजिबात रागावला नाही. लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकत म्हणाला, "पैशे हायतच की. पन खरं सांगू का तुमाला? सकाळी डबा घिऊन घरातनं निघायला मिळतंय. बायको दारात येते, उशीर होईल म्हणते. आता उशीर होईल असं मला कोण म्हणणार होतं?"

मी त्यानंतर त्याच्याशी कधी वाकडं बोललो नाही. माझ्याही घरी तेच झालं होतं. बायको पहाटे उठून डबा भरत होती, आणि मी चपला शोधत असताना "गाडी जाईल, गाडी जाईल" करत होती. ते "गाडी जाईल" ऐकायला मी मुद्दाम चपला हळू शोधायचो.

पहिलं विद्यावेतन खात्यात आल्याचा मेसेज एसटीत असताना आला. पोलादपूरला उतरून मी गरम वडे बांधून घेतले. घरी आलो तर बायकोने वास ओळखला आणि विचारलं, "काय हो, पगार झाला काय?"

सरकारकडे शब्दांचा साठा मोठा आहे. मानधन, विद्यावेतन, भत्ता, अनुदान, प्रोत्साहन. एक 'पगार' सोडला तर सगळे शब्द ते सढळ हाताने वाटतात. मला चांगलं माहीत होतं की हा पगार नव्हे. मी आलो नाही तर कोणाचं काहीही अडणार नव्हतं. मी यावं म्हणून ते मला पैसे देत होते, आणि कंपनीत मी आलो म्हणून देत होते. हा फरक मला वेढे मोजताना रोज बोचायचा. पण त्या संध्याकाळी बायकोच्या तोंडून तो शब्द इतक्या वर्षांनी आला होता. मी म्हटलं, "झाला." आणि वडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तिने नळावर तेच सांगितलं. नळावरून ते वाडीत गेलं आणि वाडीतून गावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, म्हणजे थेट मुंबईला. शिमगा जवळ आला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी आबा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुजा पगार सुरू झालाय म्हणतात. बघू उद्या." त्या 'बघू'वर माझा जीव टांगणीला लागला. सकाळी मी दाढी केली. ठेवणीतला सदरा काढला. आपलं नाव बापाच्या नावासकट ऐकायला मिळेल, मग आपण किती मोठ्याने "हाजर" म्हणायचं, याची मी गोठ्यात गुरांपुढे उभा राहून मनातल्या मनात तालीम केली. माणूस वर्गणी द्यायला एवढा उतावीळ झालेला गावकीच्या इतिहासात नसेल.

सभामंडप भरला होता. पुरुष आत, बायका बाहेरच्या कट्ट्याला टेकून. नावं पुकारत पुकारत आबा आमच्या घरापाशी आले आणि थांबले.

"ह्येचं काय करायचं? ह्याला इद्यावेतन मिळतंय."

"वेतन म्हंजे पगारच की," मागून कोणीतरी म्हणालं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

पण मुंबई मंडळाच्या माणसाने हात वर केला. "नाय नाय. स्टायपेंड वेगळा, सॅलरी वेगळी. ट्रेनिंग संपलं की बंद होणार ते. त्याला इन्कम धरता येत नाय."

मग जुंपली. एक म्हणाला, दर महिन्याला खात्यात येतं ना, मग पगार. दुसरा म्हणाला, कंपनी देते तो पगार, सरकार देतं ती मदत, आणि मदतीतून देवाची वर्गणी घ्यायची का? तिसऱ्याने विचारलं, मास्तरांना कोण देतं मग? माझ्या खात्याची चिरफाड चालली होती आणि मला ती आवडत होती. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढा वेळ कोणी बोललं नव्हतं.

शेवटी आबांनी हात वर केला. "शिकणाऱ्याकडनं कशी घेयाची रे? शाळंतल्या पोरांकडनं घेतो का आपण? शिकून होऊ दे. कामाला लागू दे. तवर," त्यांनी आमच्या घराकडे हात केला, आवाज खाली आणला, "ह्ये घर माफ."

लोक हसले, आपुलकीने हसले. मी जमिनीकडे बघत राहिलो. आणि कट्ट्यावरून बायकोचा आवाज आला.

"आबा, एक इचारू?"

बायका बैठकीत बोलत नाहीत असा नियम नाही, पण बोलत नाहीत. आबा वळले. "इचार गो."

"विद्यावेतन पगार नाय म्हनता. बरं. मग मानधन काय हाय?"

"मानधन... त्ये तुज्या अंगणवाडीचं."

"हां. त्येच्यावर आमची चूल पेटते. एवडी वरसं पेटते. देवाला नारळ जातो त्यो त्येच्यातलाच. मग आमचं घर माफ कसं?" तिचा आवाज चढलेला नव्हता. अंगणवाडीत पोराला दुसऱ्यांदा सांगताना असतो तसा होता. "मी दर वरसाला इथं उभी ऱ्हाते आन ऐकते, ह्ये घर माफ. मी काय केलंय म्हनून मला माफ करताव?"

मुंबईच्या माणसाने उगाच फोन काढून बघितला. आबांनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडे मान वळवली.

"तुजं काय म्हननं रे? घराची वर्गणी एकच. तिच्या नावानं लावली तर तिच्याच नावानं पुकारनार."

मला कळलं ते काय विचारतायत. आता हो म्हटलं तर माझी जागा गेली. उद्या मला काम लागलं तरी पुकारायला तिचं नाव असणार. तिचा रागही आला मला. मी इतकी वर्षं ज्या दाराशी ताटकळत होतो त्या दारात ती येऊन उभी राहिली होती, आणि वर तिचं म्हणणं खरं होतं. मी "हो" म्हणालो ते मोठेपणाने नव्हे. नाही म्हणायला एक तरी कारण सापडावं म्हणून मी शोधत होतो आणि ते सापडेना.

"लावा तिच्या नावानं," मी म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले, आणि मग जरा अडखळले. वाडीत तिला कोणी वहिनी म्हणतं, कोणी काकी, बाकीचे आमच्या मुलीचं नाव घेऊन हिची आई म्हणतात. अंगणवाडीतली पोरं तर नुसतं बाय. आबांनी खाकरून विचारलं, "तुजं नाव काय गो?"

कट्ट्यावरच्या बायका खुदकन हसल्या. ती हसली नाही. तिने नाव सांगितलं. आबा म्हणाले, औंदाला माफ म्हणून झालंय, पुढल्या वर्षीपासून पुकारू.

त्या वर्षभरात माझं शिकणं संपलं. विद्यावेतन बंद झालं, टिकलो म्हणून प्रोत्साहन मिळालं, त्यात घराचा मागचा पत्रा बदलला. तुडीलचे गृहस्थ पुढच्या कोर्सच्या चौकशीला लागले. मला पोलादपूरला हायवेजवळच्या एका मोटार भरण्याच्या दुकानात काम मिळालं. मालक तिशीतला आहे, तो आडनावाने हाक मारत नाही, काका म्हणतो. तारेने बोटं कापतात, व्हार्निशने तपकिरी होतात, पण दोन दिवसांत रंग निघून जातो. काम बरं आहे. मोटार परत फिरायला लागली की गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तरी संध्याकाळी स्टँडवर उभा असताना महाडकडून कंपन्यांची बस आली की मी अजूनही खिडक्यांतल्या हातांकडे बघतो.

यंदा बैठकीला निघताना बायकोने नवी साडी नेसली होती. वाटेत म्हणाली, "आता तुमाला काम हाय. नाव परत घ्या तुमचं. मला काय त्येचं." मी तिच्या 'मला काय त्येचं'ला चांगला ओळखतो. तिच्या माहेरी जायचं राहिलं की ती हेच म्हणते.

देवळात ती कट्ट्याला टेकली नाही. आत येऊन खांबाजवळ बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. पुकारा सुरू झाला. आमचं घर आलं तसे आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "कामाला लागलास म्हनं. मग तुजं नाव घेऊ का आता?"

केवढं हवं होतं मला ते. आजही आहे. रिकाम्या गेटसमोर उभा होतो तेव्हा मला जे हवं होतं ते हेच, माझ्या नावाची एक हाक. मी तोंड उघडलं. खांबाजवळ ती माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. अंगणवाडीत पोरं हजेरीच्या वेळी बघतात तशी, मान थोडी पुढे काढून.

"लावलंय तसंच असू दे," मी म्हटलं.

आबांनी मान डोलावली, छाती भरून घेतली आणि पुकारलं. आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव घेतात तसं. आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू, पण ध्यानात आलं नव्हतं खरं. सगळ्या सभामंडपात, इतक्या वर्षांनी, आबांच्या त्या खणखणीत आवाजात माझं नाव ऐकू आलं, तिच्या नावाच्या मागोमाग, आडनावाच्या आधी.

"हाजर," ती म्हणाली. मीही म्हणालो, पण ओठांतल्या ओठांत.